मुलगी वुहानला गेली आणि तिसऱ्याच आठवड्यात म्हणते "मला परत यायचंय", काय करू?

बार्शीहून एका आईंचा मोठा मेल आलाय, थोडक्यात सांगते. मुलगी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये वुहानला एमबीबीएससाठी गेली, घर पूर्ण शाकाहारी, पहिल्या वर्षाची फी भरून झालीये. आता तिसरा आठवडा चालू आहे आणि ती रोज रात्री फोनवर रडतीये, जेवण जात नाही, मध्ये दोन दिवस व्हॉट्सॲपच बंद पडलं तेव्हा घरात कुणाला झोप नव्हती. वडील म्हणतात तिकीट काढा आणि आणा परत, फी गेली तर गेली. आईंचा प्रश्न: आणायचं की थांबायचं?

ताई, आधी स्पष्ट उत्तर देते मग कारणं. आत्ता आणू नका. कधीच आणू नका असं मी म्हणत नाहीये, पण हा निर्णय जानेवारीत घ्या, ती सुट्टीला घरी आलेली असताना, समोरासमोर बसून. तोपर्यंत काय करायचं ते सांगते.

सगळ्यात पहिलं व्हिसाचं, कारण यात तारखेचा प्रश्न आहे आणि तुमच्या मेलमध्ये त्याचा उल्लेखच नाही. लांब मुदतीच्या कोर्ससाठी जो एक्स-१ व्हिसा मिळतो तो एकदा आत जाण्यापुरताच असतो, गेल्यापासून ३० दिवसांच्या आत तिथल्या पोलिसांच्या परदेशी लोकांच्या विभागात रेसिडेन्स परमिटसाठी अर्ज करावाच लागतो. त्याच्या आधी ती भारतात आली तर तो व्हिसा संपला, परत जायचं तर सगळी कागदपत्रं पहिल्यापासून. आणि ३० दिवस उलटून गेले तर दंड आहे, दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,०००. एक युआन म्हणजे बारा रुपयांच्या वरच, हिशोब तुम्हीच करा. त्यात १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी असते, ऑफिसं बंद. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलेल्या मुलीने हा अर्ज सप्टेंबर संपायच्या आतच टाकायला हवा. आज फोन झाला की रडू थांबवायच्या आधी हे विचारा: मेडिकल झाली का (इथून केलेली मेडिकल तिथे तपासतात, कधी पूर्ण परत करायला लावतात, रक्त, एक्स-रे, ईसीजी सगळं), परमिटचा फॉर्म कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे दिला का, पासपोर्ट कुठे आहे. पासपोर्ट पोलिसांकडे असेल तर घाबरू नका, परमिट होईपर्यंत ते ठेवून घेतात आणि पावती देतात, ती पावती जपून ठेवायची आणि तिचा फोटो तुम्हाला पाठवायचा. तेवढ्या दिवसांत तिला तसंही विमानात बसता येणार नाही, हे वडिलांनाही सांगा. परमिट हातात आलं की मात्र त्याची मुदत असेपर्यंत येणं-जाणं मोकळं.

ती हॉस्टेलवर आहे म्हणून राहण्याची पोलिस नोंदणी बहुतेक कॉलेजनेच केली असेल. पण मैत्रिणींबरोबर बाहेर फ्लॅट घ्यायचं तिच्या मनात आलं तर ही नोंदणी २४ तासांत करावी लागते, म्हणून पहिल्या वर्षी हॉस्टेल सोडू देऊ नका.

आता फोनचं. तुम्ही लिहिलंय की पहिले दहा दिवस व्हॉट्सॲप छान चालत होतं आणि मग अचानक बंद पडलं. ताई, तिच्याकडे भारतातलं रोमिंगचं सिम होतं ना, रोमिंगचा डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरून येतो म्हणून तिथली या ॲप्सवरची बंदी त्याला लागत नाही. पॅक संपला, तिने तिथलं सिम घातलं आणि व्हॉट्सॲप, गुगल, इन्स्टाग्राम, यूट्यूब सगळं एकदम गेलं. तिकडे सगळे वीचॅट वापरतात पण ते आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे. व्हीपीएन, म्हणजे ही बंदी चुकवणारं ॲप, बरीच मुलं वापरतात पण ते मधूनमधून बंद पडतं आणि सरकारची परवानगी नसलेलं व्हीपीएन तिथे कायद्यात बसत नाही, त्यामुळे आपलं बोलणं त्याच्या भरवशावर ठेवू नका. छोटा रोमिंग पॅक चालू ठेवा, तिच्या चिनी नंबरवर साधा आयएसडी कॉल करता येतो तो एकदा करून बघा, आणि आउटलुकचा ईमेल काढा (जीमेल तिथे उघडत नाही). इंटरनॅशनल ऑफिसमध्ये तिच्या बॅचची जबाबदारी ज्या शिक्षकांवर आहे त्यांचा नंबर तुमच्याकडे हवाच.

आणि एक गोष्ट मला मेल वाचताना फार खटकली. तुम्ही रात्री सगळ्यांची जेवणं, आवराआवर झाल्यावर दहाला फोन करता. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथे साडेबारा वाजलेले असतात! सकाळी आठला लेक्चर असलेली, दिवसभर न समजणाऱ्या भाषेत फिरलेली, अर्धपोटी मुलगी मध्यरात्री आईचा आवाज ऐकल्यावर रडणारच हो. फोन सकाळी साडेनऊला करा, तिची तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी असते. काय खातीयेस ते दाखव म्हणा. पंधरा दिवस असं करून बघा आणि मग मला सांगा ती किती वेळा रडली.

जेवणाचा त्रास खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. तिथे भाजीतही मांसाचा रस्सा किंवा चरबी असू शकते, टोफूच्या डिशवर खिमा पेरलेला असतो. पण कॅन्टीनमध्ये बटाट्याच्या किसाची भाजी, परतलेल्या पालेभाज्या, भात, वाफवलेले मांतोऊ (मैद्याचे पाव) हे जवळपास सगळीकडे मिळतं. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी आहे, ती आपल्या जिभेला सगळ्यात लवकर लागते. तिला "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी आहे, आणि "पु याव रोऊ" म्हणजे मांस नको, ही दोन वाक्यं चिनी अक्षरांत फोनवर सेव्ह करून काउंटरवर दाखवायला सांगा, उच्चार चुकला तरी अक्षरं चुकत नाहीत. वुहानचा रोजचा नाश्ता म्हणजे तिळाची पेस्ट लावलेल्या गरम नूडल्स, रगानम्येन, रस्त्यावर पाच-सहा युआनला मिळतात, फक्त वरून मांसाचा रस्सा घालू नका हे सांगावं लागतं. तीळ तर आपल्या घरातलाच आहे, एकदा खाऊन बघायला सांगा. हॉस्टेलमध्ये शेगडी लावू देतात का ते आधी विचारायचं, बऱ्याच ठिकाणी खोलीत बंदी असते पण मजल्यावर कॉमन किचन असतं. तुम्ही मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी पाठवा, डबे भरून लाडू पाठवू नका, ती खोलीत बसून तेच खाईल आणि कॅन्टीनला जाणारच नाही.

पैशांचं पटकन सांगते. अलीपे या तिथल्या पेमेंट ॲपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडता येतं, २०० युआनच्या आतल्या खर्चाला जादा फी नाही, वर गेलं की ३ टक्के. पण अशा परदेशी कार्डावरून मैत्रिणीला पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून तिथल्या बँकेत खातं लवकर उघडू दे.

ऑक्टोबरची ती सुट्टी फक्त परमिटपुरती महत्त्वाची नाही. चिनी मुलं घरी किंवा फिरायला जातात, कॅम्पस रिकामा होतो आणि नव्या परदेशी मुलांना सगळ्यात जास्त एकटं तेव्हा वाटतं. त्या आठवड्यात तिचा कार्यक्रम आधीच ठरवून ठेवा, सीनियर मराठी किंवा भारतीय मुली असतीलच, त्यांच्याबरोबर पूर्व सरोवरावर जाऊ दे, यांगत्से नदी फेरीबोटीने ओलांडू दे. आणि त्या सुट्टीच्या बदल्यात मागच्या-पुढच्या शनिवार-रविवारी लेक्चरं लागतात, ती चुकवू नको म्हणा.

आता ज्यावर खरं तर तुमचा निर्णय अवलंबून असायला हवा त्याकडे येते. परत आणायचं कारण रडणं नसावं, कागद असावेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी, माध्यम इंग्रजी हवं, आणि ज्या देशात शिकली तिथे प्रॅक्टिसची नोंदणी मिळण्याच्या लायकीची ती पदवी हवी. यातली एक जरी अट कॉलेज पाळत नसेल तर मी स्वतः म्हणेन की आणा, कितीही फी गेली तरी आणा. आणि सगळं नीट असलं तरी पुढे भारतात प्रॅक्टिस करायची तर परदेशात शिकलेल्यांसाठीची परीक्षा आहेच. बीजिंगच्या आपल्या दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये आकडे दिले होते, २०१५ ते २०२१ मध्ये चीनमध्ये शिकलेले ४०,४१७ विद्यार्थी या परीक्षेला बसले, पास झाले ६,३८७. एजंटने हे सांगितलं नसेल, मी सांगतीये, कारण तिने पहिल्या वर्षापासून ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी भारतीय पुस्तकांतून समांतर वाचली तरच काही खरं आहे.

आणि चिनी भाषा. लेक्चर इंग्रजीत असलं तरी पेशंट चिनीच बोलणार, तेही वुहानच्या ढंगात. बऱ्याच ठिकाणी इंटर्नशिपच्या आधी एचएसके ४ (चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी) लागते, जुन्या अभ्यासक्रमाप्रमाणे म्हणजे बाराशेच्या आसपास शब्द. मुलं पहिल्या वर्षी भाषेच्या तासाला दांडी मारतात आणि चौथ्या वर्षी वॉर्डात नुसती भिंतीला टेकून उभी राहतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याच जिल्ह्यातले, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ऐन युद्धात चीनला गेले, ते चिनी बोलायला-लिहायला शिकले म्हणून तिथल्या जखमी सैनिकांचे डॉक्टर होऊ शकले. तुमच्या लेकीला रोज दहा शब्द जमले तरी पुष्कळ, आणि भाजीवालीशी दोन वाक्यं बोलता आली की तिचं रडणंही कमी होईल, हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत बघितलंय.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ती खाणं-झोपणं पूर्ण सोडत असेल, खोलीबाहेर पडत नसेल, जगण्याबद्दल वाईट बोलत असेल, तर जानेवारीची वाट बघू नका, परमिट-फी काही बघू नका, त्याच दिवशी कॉलेजच्या शिक्षकांना फोन करा आणि घरातलं कुणीतरी निघायची तयारी करा. बाहेरच्या माणसाला चीनचा व्हिसा काढायला वेळ लागतो, म्हणून वडिलांचा पासपोर्ट चालू आहे ना ते आजच बघून ठेवा.

मला तीन कागद पाठवा: ॲडमिशन नोटीस, जेडब्ल्यू-२०२ फॉर्म (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजकडून आलेला) आणि कोर्सचा वर्षवार आराखडा ज्यात इंटर्नशिप कुठे आणि किती महिने ते लिहिलंय. एजंटने केलेलं भाषांतर नको, कॉलेजच्या शिक्क्याची मूळ प्रत हवी. तुमच्याकडे नसेल तर लेकीला इंटरनॅशनल ऑफिसमधून मागायला सांगा, तिचंही त्या निमित्ताने तिथे जाणं होईल आणि परमिटचा अर्ज कुठवर आलाय तेही कळेल.