रात्री दोनला मास्क निघतोच!

‘मशीन लावलं की गुदमरल्यासारखं होतं. रात्री दोन-अडीचला मास्क कधी काढून टाकतो, माझं मलाच कळत नाही. तुम्ही प्रेशर तेवढं कमी करून द्या.’

स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार) सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, घेतलेल्यांची पहिल्या एक-दोन महिन्यांतली तक्रार बहुधा याच शब्दांत येते. हे काका छप्पन्न वर्षांचे, किराणा दुकान चालवणारे. झोपेच्या तपासणीत त्यांचा एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याच्या घटना, ३८ निघाला होता. ३० च्या वर गेला की आजार तीव्र समजतात. ऑटो मशीन (गरजेप्रमाणे प्रेशर स्वतःच कमी-जास्त करणारं) घरी येऊन दोन महिने झालेले, तरी दुपारी गल्ल्यावर डुलक्या चालूच. काकूंचं वेगळंच गाऱ्हाणं होतं: ‘घोरण्याची सवय झाली होती हो, आता त्या शिट्टीनं जाग येते.’

खरी गोम त्या शिट्टीतच होती.

आधी मशीनमधली नोंद काढली. वापर सरासरी दोन तास दहा मिनिटं. मशीन लावलेलं असतानाही एएचआय ९. तो ५ च्या आत हवा. मास्कच्या कडेनं हवेची गळती मिनिटाला ४२ लिटर, आणि त्या मशीनची मर्यादा २४. (मास्कला श्वास बाहेर जाण्यासाठी मुद्दाम छिद्रं ठेवलेली असतात. काही मशीन त्यातून जाणारी हवा वगळून गळती दाखवतात, काही एकूण दाखवतात. म्हणून शेजाऱ्याच्या मशीनच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघू नये.) प्रेशर कारखान्यातून आलं तसंच ४ ते २० (सेंटीमीटर पाणी या मापात) ठेवलेलं, आणि रॅम्प, म्हणजे सुरुवातीला प्रेशर हळूहळू चढवत नेण्याचा वेळ, ४५ मिनिटांचा, तोही ४ पासून.

मग काकांना त्यांचाच मास्क लावून, मशीन चालू करून, कॉटवर आडवं केलं. खुर्चीत बसून घेतलेलं माप रात्री उपयोगी पडत नाही, कारण आडवं झाल्यावर गाल आणि जबडा सैल पडून चेहऱ्याचा आकार बदलतो. नाकाच्या दांडीवर लाल वळ होता. पट्टे इतके आवळलेले की त्यांच्याखाली बोट शिरेना. तरी कुशीवर वळताच डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी सुंई आवाज सुरू झाला. बोट धरलं तर हवा थेट डोळ्यावर.

इथे बहुतेकजण पट्टा आणखी ओढतात आणि फसतात. कुशनची, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या गादीची, बाहेरची पातळ कड हवेनं फुगून चेहऱ्यावर बसायची असते. आवळली की ती चेपते, दुमडते आणि तिथूनच गळते. चारही पट्टे सोडले, मास्क चेहऱ्यापासून सेंटीमीटरभर उचलला, कड फुगू दिली आणि हळूच टेकवला. मग खालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे लावले, शेवटी वरचे. दोन बोटं सहज जातील इतपतच. शिट्टी निम्म्यानं गेली. उरलेली कुशनच्या मापाची होती: लार्जऐवजी मीडियम लावल्यावर थांबली. शिवाय काका झोपताना डोक्याला तेल लावून तोच हात चेहऱ्यावर फिरवायचे. तेलकट कातडीवर सिलिकॉन टिकत नाही, घसरतं. रात्री साबणानं तोंड धुणं आणि सकाळी सौम्य साबणाच्या पाण्यानं कुशन धुणं, एवढंच सांगितलं.

आता दोन वाजताच का? रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त असते. तेव्हा घशाचे स्नायू ढिले पडतात आणि मशीनला प्रेशर वाढवावं लागतं. प्रेशर वाढलं की मास्कचं बूड उचलतं, हवा डोळ्यावर येते, आणि हात झोपेतच मास्क ओढून टाकतो. गुदमरणं मात्र वेगळं. जाग असताना ४ प्रेशर अनेकांना अपुरं वाटतं, हवा ओढावी लागते. म्हणजे काका ‘कमी करा’ म्हणत होते आणि सुरुवातीला त्यांना हवं होतं जास्त! वर ४५ मिनिटांचा रॅम्प. झोप पंधराव्या मिनिटाला लागायची आणि पुढचा अर्धा तास कमी प्रेशरवर श्वास अडत राहायचा.

नोंदीनुसार रात्रीचा ९५ टक्के वेळ ११.८ किंवा त्याहून कमी प्रेशरवर भागत होतं. ते बघून त्यांच्या डॉक्टरांनी पल्ला ७ ते १३ केला. हा आकडा डॉक्टरांनीच बदलायचा. इंटरनेटवर बघून क्लिनिकल मेनूत (डॉक्टरांसाठीच्या सेटिंगमध्ये) शिरणारे कमी नाहीत, पण गरजेपेक्षा जास्त प्रेशरनं पोटात हवा जाते, आणि काहींमध्ये मेंदूकडून श्वासाचा इशाराच थांबतो, तो वेगळाच ॲप्निया. रॅम्प, आर्द्रता आणि नळीचं तापमान मात्र आपण हाताळायला हरकत नाही. काकांचा रॅम्प ‘ऑटो’वर टाकला; त्यात झोप लागल्याचं ओळखून मशीन प्रेशर वाढवतं. श्वास सोडताना प्रेशर उतरवणारी सोय, ईपीआर, डॉक्टरांना विचारून २ वर ठेवली. ती आधीही चालू होतीच, पण हे मशीन ४ च्या खाली उतरतच नाही. त्यामुळे किमान ४ असताना उतरायला जागाच नव्हती.

ह्युमिडिफायरचं, म्हणजे हवेत ओलावा मिसळणाऱ्या पाण्याच्या टाकीचं, गणित ऋतूवर बदलतं. एसीत किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात घसा कोरडा पडला तर आर्द्रता एक-एक अंकानं चढवा. कोकणातल्या पावसाळ्यात नळीत पाणी साचून गुळगुळ वाजलं तर उतरवा, नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन गादीच्या पातळीखाली ठेवा. पाणी डिस्टिल्ड, रोज ताजं. नळाच्या पाण्यानं टाकीत क्षार धरतात.

काकांना एक गृहपाठही दिला: आठवडाभर संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क लावून, मशीन चालू ठेवून वीस मिनिटं बसायचं. कंटाळवाणं, पण भीती यानंच जाते.

तीन आठवड्यांनी वापर साडेपाच तासांवर, एएचआय ३.१, गळती १४. सकाळी ढेकर येतात ही तक्रार नवी होती. उशाकडची बाजू थोडी उंच करायला सांगून ती डॉक्टरांकडे पाठवली आहे. पुढच्या महिन्यात गावी लग्न आहे आणि तिथे रात्री वीज जाते, हा त्यांचा पुढचा प्रश्न. इन्व्हर्टरवर मशीन चालतं. ह्युमिडिफायरचा हीटर आणि तापणारी नळी बंद ठेवली तर बॅटरी बरीच जास्त पुरते. मात्र बॅगेत भरण्याआधी टाकीतलं पाणी ओतून टाका. मशीन कलंडलं की ते थेट मोटारीत जातं.