आजचं दूध आज तयार होत नाही

बाळा,

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. वीस गाया, मुक्त गोठा, मिल्किंग मशीन, फॉगर, सीसीटीव्ही, बँकेचा हप्ता, सगळं व्यवस्थित लिहिलंयस, एक्सेलची शीट पण झकास आहे. पण त्या शीटमधे चाऱ्याला एकच ओळ आहे आणि भाकड गाया न् कालवडींना तर रकानाच नाही. फोनवर सांगून तुझ्या डोक्यात राहणार नाही म्हणून लिहून पाठवतेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आज सकाळी कॅनमधे जे दूध पडतं ते आज तयार झालेलं नसतं. त्यातला चारा तीन-चार महिन्यांपूर्वी पेरलेला असतो, ती गाय व्यायच्या आधी दोन महिने भाकड असताना तिला काय घातलं ते त्यात असतं आणि ती स्वतः पाडी होती तेव्हा तिला पहिल्या तासात चीक मिळाला की नाही ते पण असतं. दुभत्या गाईकडे कुणीही बघतो रे, तिच्यापुढे पेंड आपोआप पडते. जी आज काहीच देत नाही तिच्याकडे बघायला शीक.

आधी चारा. तुझ्या वडिलांचं म्हणणं की मागच्या माळावर सोडली की निम्मं पोट भरेल. आपल्या नगरच्या माळावर पावसाळा धरून तीन-चार महिने गवत, नंतर नुसते दगड, आणि वीस लिटरची एचएफ क्रॉस (होल्स्टिन फ्रिजियन संकरित) गाय त्यावर हिंडवली तर जेवढं खाईल तेवढं चालण्यातच घालवेल, वर गोचीड घेऊन येईल ते वेगळंच. हिवरे बाजार गावात चराईबंदी केली, गवत कापून न्यायला परवानगी दिली, आणि त्यानंतर तिथलं गवतही वाढलं न् दूधही. तसंच तू माळ बंद ठेव, गवत वाढू दे, कापून आण. भाकड गाया न् मोठ्या कालवडी थोडा वेळ फिरवायला हरकत नाही, त्यांच्या पायांना बरंच असतं, फक्त गाजर गवत न् घाणेरी आधी उपटून टाक.

हिरव्याचा हिशोब सोपा आहे. एकरात 40 गुंठे, नेपियर (हत्ती गवत) एकदा लागलं की 40-45 दिवसांनी कापणीला येतं, म्हणजे रोज एक गुंठा कापत गेलास की शेवटच्या गुंठ्यापर्यंत पोचशील तोवर पहिला परत तयार. पाणी न् शेणखत चांगलं असेल तर गुंठ्याला एका कापणीत दोन-अडीचशे किलो निघतं, म्हणजे दहा गायांना प्रत्येकी वीस किलो. म्हणून म्हणते सुरुवात दहावर कर, वीसवर नको. जास्त जून होऊ देऊ नको, पुरुषभर उंच वाढलेलं नेपियर फोटोला छान दिसतं पण खाली सगळी काडीच असते. जोडीला अर्धा एकर मेथी घास (लसूण घास) लाव, पण दवात भिजलेला सकाळी सकाळी एकटाच टाकू नको, पोट फुगतं, कडब्याच्या कुट्टीत मिसळून टाक.

आणि मुरघास, म्हणजे हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद दाबून मुरवलेला चारा. हा केल्याशिवाय गाय आणूच नको असं मी म्हणेन, लोकांना जास्तीचं वाटतं तर वाटू दे. कारण असं की गाईच्या पोटात जे जंतू चारा पचवतात त्यांना नवीन चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि आपण काय करतो, पावसाळ्यात नुसतं हिरवं, साखर कारखाना चालू झाला की नुसते उसाचे वाढे, उन्हाळ्यात कडबा न् जे मिळेल ते, दर दोन महिन्यांनी तिच्या पोटाची घडी विस्कटते न् मग आपण डॉक्टरला विचारतो दूध का कमी झालं. मुरघास वर्षभर तोच राहतो. दहा गायांना रोज 12 किलो धर, वर्षाचे 44 टन होतात, मक्याचं एकरी 15 टन धरलं तरी तीन एकर झाले. कणसातला दुधासारखा पातळ दाणा घट्ट व्हायला लागला की मका कापायचा, लवकर कापला तर पाणी सुटून आंबट घाण होतो, उशीर झाला तर नीट दाबला जात नाही न् आतमधे हवा राहून बुरशी धरतो. कुट्टी बारीक, ट्रॅक्टरने दाबून दाबून हवा काढायची, झाकायचं, 45 दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर बुरशी दिसली तो भाग सरळ उकिरड्यावर, भाकड गाईला घालून संपवायचा नाही. बुरशीचं विष दुधात उतरतं आणि गाभण गाईला तर ते अजून वाईट.

वाढे फुकटात मिळतात म्हणून लोक चार महिने तेच घालतात. त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं, मग गाय माजावर येत नाही, व्यायल्यावर आडवी पडते. थोडे घाल, मिसळून घाल, मिनरल मिक्श्चर रोज चालू ठेव. कोवळी किंवा पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी घालू नको, किराळ (त्यातल्या विषाची बाधा) लागते न् डॉक्टर येईपर्यंत जनावर हातचं जातं. लग्नातला उरलेला भात न् पोळ्या तर गोठ्याच्या दारात पण येऊ देऊ नको, लोक पुण्य म्हणून आणून टाकतात आणि पोटात आम्ल वाढून गाय ॲसिडोसिसने बसते.

पाण्याला पैसे लागत नाहीत तरी सगळ्यात जास्त कंजुषी त्यातच होते. दुभती गाय दिवसाला 70-80 लिटर पिते, उन्हाळ्यात शंभरच्या वर. दोनदा सोडून पाजायचं हे विसर, हौद चोवीस तास भरलेला, सावलीत, आणि आठवड्याला चुना मारून स्वच्छ. मुक्त गोठ्याचा मोठा फायदा मला हाच वाटतो की गाईला तहान लागली की ती स्वतः जाऊन पिते. उघडी जागा एका गाईला 200 चौरस फूट ठेव, कमी केलीस तर चिखल होतो न् कास खराब होते. एचएफला थंडीचं काही नसतं, ऊन मात्र सोसत नाही, म्हणून सीसीटीव्हीचे पैसे पंख्यात घाल.

आता भाकड गाय, इथं नीट लक्ष दे. व्यायची तारीख धरून दोन महिने आधी दूध बंद करायचं, पाच लिटर देत असली तरी बंद. लोकांचा जीव होत नाही, काढत राहतात, आणि पुढच्या वेताला तीच गाय चार-पाच लिटरने खाली आली की रेतनवाल्याला शिव्या. बंद करताना पेंड कमी करायची, शेवटची धार पूर्ण काढून चारही सडात डॉक्टरकडून भाकड काळाची ट्यूब सोडून घ्यायची, मग हात लावायचा नाही. जुनी दगडी (कासेची सूज) असेल तर ती बरी व्हायची हीच वेळ, दूध चालू असताना तेवढी बरी होत नाही.

शेवटच्या तीन आठवड्यात एक गोष्ट उलटी वाटेल. सगळे सांगतील की व्यायला झालीये, कॅल्शियमची बाटली पाजत जा. नको पाजू. बाहेरून सारखं मिळत गेलं की तिचं शरीर हाडातलं कॅल्शियम काढायचं काम बंद ठेवतं, आणि व्यायल्यावर चिकात एकदम भसकन जातं तेव्हा ते काम लगेच चालू होत नाही, मग गाय थंड पडते, मान पोटाकडे वळवून बसते. दुग्धज्वर तो हाच, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसात येतो, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या जास्त दुधाच्या गाईला जास्त करून. तशी बसलेली दिसली की ताबडतोब डॉक्टर, शिरेतून कॅल्शियम हळूहळूच द्यावं लागतं, गडबडीत दिलं तर हृदय बंद पडतं, ते आपण करायचं काम नाही. तेव्हा त्या तीन आठवड्यात मेथी घास कमी, पेंड हळूहळू वाढवत न्यायची म्हणजे व्यायल्यावर एकदम भार येत नाही. वार (वासरामागून पडणारं वेष्टन) आठ-बारा तासात पडली नाही तर डॉक्टर, दगड बांधणारे म्हातारे अजून आहेत आपल्याकडे, त्यांना चहा पाजून घरी पाठव.

त्याच म्हाताऱ्यांचं अजून एक, वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही. ह्या एका समजुतीने किती पाड्या गेल्या असतील देवाला माहीत. वासरू जन्माला येतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायचं काहीच नसतं, सगळं चिकातून येतं, आणि आतड्याला ते शोषून घ्यायची ताकद पहिल्या काही तासातच असते, तासागणिक कमी होत जाते. पहिल्या तासा-दीड तासात दोन-अडीच लिटर पोटात गेला पाहिजे, रात्रीचे तीन वाजले असतील तरी. नाळेला आयोडीन. दहाव्या दिवशी जंताचं औषध, मग सहा महिन्याची होईपर्यंत दर महिन्याला. पाडीचं दूध चोरू नको, ती मोठी झाली की तीच तुझी फुकटातली गाय. आणि कालवड भरवताना (रेतन करताना) वय विचारू नको, वजन बघ, अडीचशे किलोच्या पुढे गेली की भरव.

माजाचं काम तुझं स्वतःचं, गड्यावर सोडू नको. गाय रात्री न् पहाटे माज दाखवते, तेव्हा आपण झोपलेलो असतो. पहाटे धारेच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, मोबाईल खिशात. कोण कोणावर चढतंय, कोण खाली उभी राहतेय, कुणी काचेसारखी सोट (माजाचा चिकट स्राव) टाकलीये. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरव, संध्याकाळी दिसली तर सकाळी. एक माज हुकला म्हणजे 21 दिवस गेले, तेवढ्या दिवसाची वैरण न् मजुरी तुझ्या खिशातून, आणि पुढच्या वेताचं दूध तेवढंच लांब. तारीख वहीत, वहीतच, ॲप नंतर. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर पण वहीत.

दगडीबद्दल लांबड लावत नाही. पहिल्या चार धारा काळ्या कपड्यावर काढून बघ, गाठी, पाणी, रक्त काही दिसतंय का, महिन्याला सीएमटी (दगडी ओळखायची दुधाची चाचणी) कर कारण जी दगडी डोळ्याला दिसत नाही ती दूध खाते. निरोगी गाया आधी, आजारी शेवटी. धार झाली की सड औषधात बुडव आणि लगेच गव्हाणीत कुट्टी टाक, सडाची भोकं अर्धा तास तरी उघडी असतात, तेवढा वेळ ती खात उभी राहिली पाहिजे, शेणात बसली नाही पाहिजे. अँटिबायोटिक चालू असलेल्या गाईचं दूध बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत कॅनमधे जाणार नाही, शेजारी काय करतो ते मला सांगू नको.

लसी: लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प न् फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पीची दरवर्षी (2022 विसरलास का), आणि पाड्यांना चार ते आठ महिन्यात ब्रुसेलाची (गाभ पाडणारा रोग) एकदाच. तारखा डॉक्टरकडून लिहून घे. अडीनडीला 1962 वर फोन, जनावरांच्या डॉक्टरांची सरकारी हेल्पलाईन आहे.

खरेदीला लोणी गावच्या जनावरांच्या बाजारात जाशील तेव्हा कासेचा फुगा बघून भुलू नको, तुंबवून आणलेली असते. जमलं तर बाजारापेक्षा गोठ्यावर जाऊन घे, दुसऱ्या वेताची, आणि लागोपाठ तीन धारा स्वतः समोर काढून बघ, पहिली तर हिशोबातच धरू नको. ब्रुसेलाची तपासणी, सीएमटी, मगच पैसे. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या दावणीला. पाच आण, मग चार-सहा महिन्यांनी पाच, म्हणजे सगळ्या एकदम आटणार नाहीत न् दर दहा दिवसाच्या बिलात काहीतरी येत राहील. बिल आलं की फॅट न् एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघ, 3.5 न् 8.5 च्या खाली घसरायला लागलं तर आधी गव्हाणीत जाऊन कोरडा चारा बघ, मग डेअरीशी भांड.

आता लागणीचं. नेपियर 3 बाय 2 फुटावर लावलंस तर एकराला सात हजारावर कांड्या लागतील, दोन डोळ्यांची कांडी. पहिली कापणी यायला दोन-अडीच महिने जातात, मुरघासाचा मका पण तेवढ्यात कापायला येतो, वर त्याला मुरायला दीड महिना, म्हणजे आज सुरुवात केलीस तरी गाया चार महिन्यांनी. बँकेला तसं सांग, हप्ता तेव्हापासून चालू करून माग. कांड्या आमच्या बांधावर आहेत, पुढच्या आठवड्यात तोडणी आहे, विकत घेऊ नको. गडी न् पोती तुझी तू आण, आणि येताना ती शीट नवीन करून आण, भाकड गायांचा रकाना टाकून.

तुझी,
मावशी