अज्ञातवास कुठला, तालीम म्हणा!

मिरजेच्या एका वाचकांचा प्रश्न : मंगळमोहिमेच्या सरावासाठी स्वयंसेवकांना वर्षवर्ष बंद जागेत ठेवतात. एका बातमीत त्याला 'अज्ञातवास' म्हटलं होतं. ते बरोबर आहे, की 'विलगीकरण' म्हणावं, की 'एकांतवास'?

अज्ञातवास साफ चूक. हल्ली हॉटेलचं नाव आणि खोल्यांचा आकडा छापून वर मथळा देतात, 'आमदार अज्ञातवासात'! अहो, अज्ञातवास म्हणजे लपणं नव्हे, समोर असून ओळखू न येणं. विराटाच्या घरी भीम मुदपाकखान्यात राबत होता, अर्जुन नाच शिकवत होता. लपली होती ती फक्त नावं. (विराटनगरी म्हणजे आमचीच वाई, असं वाईकर पांडवगडाकडे बोट दाखवून सांगतात. तो वाद आज नको.) ह्यूस्टनमध्ये नासाने सरावासाठी बांधलेल्या मंगळघरात २५ जून २०२३ रोजी चौघे आत गेले आणि ३७८ दिवसांनी, ६ जुलै २०२४ ला बाहेर आले. त्यांची नावं, फोटो, घराचं सतराशे चौरस फूट क्षेत्रफळ, सगळं जगजाहीर होतं. यात अज्ञात काय?

विलगीकरण संसर्गाच्या भीतीने करतात. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तिघांना कोंडलं होतं, ते विलगीकरण. आणि एका स्वयंपाकघरात चार माणसं वावरत असतील तर त्याला एकांत म्हणणाऱ्याने कधी एकत्र कुटुंबात राहून पाहावं.

आपल्याकडे शब्द तयार आहे : तालीम. मूळ अरबी, ऐन-लाम-मीम या धातूचा. अर्थ शिकवणं. इलम, मुअल्लिम, उलेमा ही त्याचीच भावंडं, आणि जुन्या पत्रांतून भेटणारं 'मालूम' हेही. मालूम म्हणजे ज्ञात! म्हणजे बातमीदाराने ज्ञानाच्या घरातल्या गोष्टीला नेमका अज्ञानाचा शब्द चिकटवला. एक विद्वान 'तालीम' हा शब्द शड्डूच्या तालावरून आला असं व्याख्यानांतून सांगत फिरतात. त्यांना विचारा, मग शेवटचा 'ईम' कुठून आला? दोन वर्षं झाली, उत्तर नाही.

सांगली-साताऱ्यात तालीम म्हणजे नुसता सराव नव्हे, ती जागाही. पैलवान घरदार सोडून तिथेच राहतो. खुराक, मेहनत, झोप ठरलेली, वर वस्तादाची नजर. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, ते लाल मातीतून वर येऊनच. ह्यूस्टनच्या चौघांचंही खाणं मोजलेलं, व्यायाम ठरलेला. फरक इतकाच, की यांचा वस्ताद बोलला तर शब्द बावीस मिनिटांनी पोचणार. मंगळ दूर असल्याने तसा उशीर मुद्दाम लावलेला.

पण नुसतं तालीम म्हटलं तर कुस्तीच वाटेल. म्हणून 'रंगीत तालीम' म्हणा. इथे माझं एक मत आहे. रंग फासून करतात म्हणून रंगीत, ही व्युत्पत्ती मला पटत नाही. संस्कृतात रंग म्हणजे रंगमंच, आणि मल्लांचा आखाडाही. मथुरेत चाणूर-मुष्टिकांशी कुस्ती झाली तो रंगच. प्रत्यक्ष रंगावर उतरून करायची ती रंगीत तालीम! नाटक आणि कुस्ती एका शब्दात. हे सांगलीकराला सुचणारच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीतास्वयंवर' उभं केलं. मॉस्कोत २०१० च्या जूनमध्ये सहाजण ५२० दिवसांसाठी कोंडून घेऊन बसले, पुढच्या फेब्रुवारीत त्यातले काही अंतराळपोशाख चढवून शेजारच्या दालनातल्या वाळूवर 'मंगळावर' चालले. नेपथ्य, पोशाख, प्रवेश, आणखी काय हवं?

अशा सरावाला (इंग्रजीत सिम्युलेशन) 'सदृशीकरण' म्हणा असा आग्रह धरणारे म्हणतात, रंगीत तालीम एका रात्रीची असते, ५२० दिवसांची कुठली? त्यांनी आमच्या गल्लीतल्या हौशी मंडळाची तालीम पाहिलेली नाही. दोन गणपती उलटले, अजून दुसऱ्या अंकावर आहेत.