आईवडिलांची काळजी घेण्यास सुरुवात करताना

आईवडिलांची जबाबदारी आपण नुकतीच स्वीकारली असेल, तर सर्वप्रथम त्यांच्या सर्व औषधांची एकच यादी तयार करावी, असे मी आग्रहाने सांगेन. निरनिराळ्या डॉक्टरांनी निरनिराळ्या वेळी दिलेल्या गोळ्या एकत्र घेणे सुरक्षित आहे की नाही, हे एकाच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, म्हणून झोपेतून उठल्यावर त्यांना थोडा वेळ पलंगाच्या कडेवर बसू द्यावे.

एक-दोन दिवसांतच बोलण्यात असंबद्धता किंवा गुंगी दिसू लागली, तर ‘वय झाले’ असे समजून थांबू नये. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसांचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखादे नवे औषध त्यामागे असू शकते, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उतारवयात संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

जे काम त्यांना सावकाश का होईना स्वतः करता येते, ते त्यांच्या हातून काढून घेऊ नये. भावंडांकडे मात्र मोघम मदत न मागता ठरावीक वार आणि ठरावीक काम मागावे.