'चेस्त' म्हणजे अब्रू का?

एका वाचकाने विचारलं आहे : 'बेरेगी चेस्त स्मोलोदू' या रशियन म्हणीचं 'तरुणपणापासून अब्रू सांभाळ' हे भाषांतर बरोबर आहे का?

शब्दाला शब्द लावला तर चूक नाही, पण 'अब्रू' मला खटकते. आपली अब्रू बरीचशी लोकांच्या हाती असते; कोणी ती घेतो, कोणी वेशीवर टांगतो. या म्हणीतली 'चेस्त' घालवायची तर आपली आपणच. मूळही बघा. फारसीत 'आब-रू' म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. 'चेस्त' मात्र संस्कृत 'चित्ति'च्या, म्हणजे आपल्या 'चित्ता'च्या गोतातली.

शिवाय ही म्हण अर्धीच आहे. पूर्ण अशी : 'बेरेगी प्लात्ये स्नोवू, अ चेस्त स्मोलोदू'. 'प्लात्ये' म्हणजे आजच्या रशियनमध्ये बायकांचा झगा, इथे जुन्या अर्थाने कुठलाही कपडा. 'स्नोवू' म्हणजे नवा असल्यापासून, 'स्मोलोदू' म्हणजे कोवळ्या वयापासून.

पुश्किनने 'कॅप्टनची मुलगी' (1836) या कादंबरीच्या माथ्यावर अर्धी म्हण घातली आणि पूर्ण म्हण पहिल्याच प्रकरणात बापाच्या तोंडी दिली. सोळा वर्षांचा प्योत्र ग्रिन्योव्ह फौजेत निघालाय. बाप सांगतो, ज्याची शपथ घेशील त्याची चाकरी इमानाने कर. आणि मग ही म्हण.

वाटेत हिमवादळात एक वाटाड्या प्योत्रला आणि त्याच्या नोकराला मुक्कामाला पोचवतो. प्योत्र त्याला आपला सशाच्या कातड्याचा कोट देऊन टाकतो. त्या रुंद खांद्यांच्या माणसाने तो चढवताच शिवण उसवते. म्हातारा नोकर सावेलिच पुढे कितीतरी दिवस हळहळतो : कोट अगदी कोरा करकरीत होता! हा वाटाड्या म्हणजेच बंडखोर पुगाचोव्ह. प्योत्रची नेमणूक असलेला किल्ला बंडखोरांच्या हाती पडल्यावर तो प्योत्रला फासावरून सोडवतो, आपल्या चाकरीत ये म्हणतो. प्योत्र म्हणतो, मी सम्राज्ञीची शपथ घेतली आहे, जमणार नाही. तुझ्याविरुद्ध लढणार नाही, एवढं वचनसुद्धा तो देत नाही. नवा कपडा जपला नाही, चेस्त जपली. हे पुश्किनने जाणूनबुजून विणलं असावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून इथे 'इमान' हवं. मी असं करीन : 'कापड जपावं कोरेपणी, इमान जपावं कोवळेपणी.' पाणी न लागलेल्या कापडाला आपण कोरंच म्हणतो, आणि स्नोवू-स्मोलोदूचा नादही त्यात राहतो.