पामाम डेंड्रिमरची किती टोकं झाकावीत?

तुमची अडचण अशी: चौथ्या पिढीच्या पामामवर (पॉलिअमिडोअमाइनचा फांद्याफांद्यांचा रेणू, म्हणजे डेंड्रिमर; पिढी म्हणजे फांद्यांचा थर) डीएनए बांधून पेशींना दिला की पेशीच मरतात, म्हणून टोकांवरची सगळी अमाइनं (नायट्रोजनयुक्त गट) अॅसिटिल करायची, म्हणजे अॅसिटिल गटानं झाकायची का?

सगळी नकोत. एका कणाच्या टोकांवर 64 प्राथमिक अमाइनं असतात आणि शरीराच्या सामूला त्यांतली बहुतेक धनप्रभारित असतात. डीएनए त्यांनाच धरून राहतो, आणि पेशीच्या पटलाला भोकंही तीच पाडतात. उपयोग आणि उपद्रव एकाच जागी. आतली तृतीयक अमाइनं या अभिक्रियेत सापडत नाहीत, ती चिंता सोडा.

मी 30 टक्के टोकं झाकण्यापासून सुरुवात करेन. रेणुभार 14,215 धरला तर 100 मिलिग्रॅममध्ये साधारण 450 मायक्रोमोल अमाइन येतं. त्याच्या 30 टक्के म्हणजे 135 मायक्रोमोल अॅसेटिक अॅनहायड्राइड, जेमतेम 13 मायक्रोलिटर. मिथेनॉलमध्ये पातळ करून थेंब थेंब घाला. एकदम ओतलं तर काही कण गच्च झाकले जातात, काही तसेच राहतात. तयार होणारं आम्ल शोषायला ट्रायएथिलअमाइन लागतं, आणि नंतर डायलिसिसमध्ये (पडद्यातून लहान रेणू काढून टाकण्यात) घाई नको. मी एकदा एका दिवसात उरकलं आणि पुढचे कित्येक दिवस उरलेल्या ट्रायएथिलअमाइनची विषारीता डेंड्रिमरच्या नावावर मांडत बसलो.

एनएमआरमध्ये (रेणूतले गट ओळखून मोजायच्या चुंबकीय तंत्रात) 1.9 पीपीएमजवळ दिसणाऱ्या अॅसिटिलच्या मिथाइलवरून जो आकडा निघतो, ती सरासरी असते. पुढे फोलेट (ठरावीक पेशींना चिकटायला मदत करणारा जीवनसत्त्वाचा रेणू) जोडायचं असेल तर हे फार नडतं. सरासरी 3 फोलेट बसलेत असं दिसलं, तरी जोडणी यादृच्छिक असल्यामुळे शंभरातल्या जवळपास 5 कणांवर एकही नसतो, आणि काहींवर सहा-सात असतात.

पृष्ठभाग नेहमी निरुपद्रवीच करायचा असतो असंही नाही. मेलबर्नच्या स्टारफार्मानं पॉलिलायसिन डेंड्रिमरच्या 32 टोकांवर नॅफ्थलीन डायसल्फोनेट बसवलं. अॅस्टोड्रायमर या त्या औषधात तो ऋणप्रभारित पृष्ठभागच काम करतो. जिवाणूजन्य योनिदाहासाठी त्याचं जेल निघालं.

खर्च परवडत नसेल तर अतिशाखित पीईआय (पॉलिएथिलीनइमाइन) घ्या. पण त्यात रेणू एकसारखे नसतात, त्यामुळे वरची मोल-मोजणी तिथे लागू करू नका. अमाइनं टायट्रेशननं मोजा. आणि पेशींच्या चाचणीत कोरा डेंड्रिमर व पूर्ण झाकलेला, दोन्ही सोबत ठेवा.