पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची ‘पोस्टमॉर्टेम’ आज वाचावी का? तंत्र जुनं झालंय असं ऐकलं.

हो, जरूर वाचा. खुनाच्या तपासाची ही कादंबरी १९९०ची असली तरी शवागारातले प्रसंग अजून अंगावर येतात. लेखिकेने अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या (संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या) कार्यालयात काही वर्षं नोकरी केली होती, ते पानोपानी जाणवतं. लेझरचा झोत पडताच मृतदेहावर चमचमणारे कण दिसू लागतात, तो भाग मी लगेच पुन्हा वाचला. डीएनए अहवालासाठी आठवडे थांबणं, मोडेमवरून कॉम्प्युटरमध्ये शिरणं हे जुनं झालंय खरं, पण त्या वाट पाहण्यातच सगळा ताण आहे. फक्त एक, खुनी आपण ओळखून काढू या आशेने वाचू नका. तो कळल्यावर बरेच वाचक हिरमुसतात आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते.